तिच्या मापाची खुर्ची

घराला रंग द्यायचं ठरलं आणि खुर्चीवाल्यांच्या बैठकीच्या खोलीतल्या सगळ्या खुर्च्या बाहेर गल्लीत काढाव्या लागल्या. भिंतीच्या कडेने त्या अशा ओळीने उभ्या राहिल्या की येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, आता इथे सभा भरणार आणि कुणीतरी लांबलचक बोलणार. भाषण खरोखरच झालं. रंगाऱ्याने डबा खाली ठेवता ठेवता सहज विचारलं, "एवढ्या खुर्च्या कुणाच्या हो?" आणि खुर्चीवाले सुरू झाले.

खुर्चीवाले म्हणजे गल्लीच्या टोकाला ज्यांचा खुर्च्यांचा कारखाना आहे ते. कारखाना म्हणायचं आपलं. एक लांबट खोली, कामाची दोन बाकं आणि घोटाभर भुस्सा. पण त्यांची खुर्ची एकदा घरात आली की ती ज्याची तो माणूस दुसऱ्या खुर्चीत बसायला राजी नसे, कारण ती त्या एकाच माणसासाठी केलेली असे.

"ही माझ्या वडिलांची," ते सांगू लागले. "ते खुर्चीतसुद्धा मांडी घालून बसायचे, म्हणून बैठक रुंद. ही थोरल्या भावाची. त्याची मान जन्मापासून ताठ, म्हणून पाठ उंच. ही लेकीची. पायांना खाली जोड दिलेत, दिसतात? ती वाढली तशी खुर्ची वाढवली. ही समोरच्या मास्तरांची. ते फक्त रविवारी येतात, पण त्यांचा एक गुडघा दुखतो, दुसऱ्या खुर्चीवरून उठताना त्रास व्हायचा त्यांना. आणि ही माझी."

रंगारी प्रत्येक खुर्चीपाशी मान डोलवत होता. तेवढ्यात काकू, म्हणजे खुर्चीवाल्यांची बायको, चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणायची. रंगाऱ्याने कप उचलला, काकूंकडे पाहिलं, ओळीकडे पाहिलं.

"आणि काकूंची कुठली?"

खुर्चीवाल्यांनी तोंड उघडलं. बोटही वर झालं. ते बोट ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि हळूच खाली आलं.

"मला काय करायचीय खुर्ची," काकू म्हणाल्या. "बसायला वेळ कुणाला आहे. साखर बरोबर पडलीय ना?"

त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट. टोमणा असता तर खुर्चीवाल्यांनी उलट काहीतरी ठेवून दिलं असतं आणि विषय तिथेच मिटला असता. पण काकू साखरेबद्दलच बोलत होत्या. रिकामे कप घेऊन त्या आत गेल्या आणि खुर्चीवाले आपल्याच हाताने केलेल्या त्या ओळीसमोर परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखे उभे राहिले.

त्यांचा उजवा हात त्या दिवसांत कापायला लागला होता. पटाशी धरली की तिचं टोक लाकडावर नाचायचं. कारखाना आता लेकच बघत होती. नवं गिऱ्हाईक दारात येऊन तिलाच विचारायचं, "मिस्त्री कुठे आहेत?" ती रंधा न थांबवता म्हणायची, "बोला, ऐकतेय." पुढच्या खेपेला तेच गिऱ्हाईक सरळ तिच्याकडे यायचं. बापाला तिने एकदाच, तेही अगदी हळू आवाजात सांगितलं होतं, "बाबा, एक शेवटची करा. मनासारखी. मग हत्यारं माझ्याकडे द्या." ती शेवटची कुणाची करावी, हे खुर्चीवाल्यांचं काही ठरत नव्हतं. रंगाऱ्याने चहा संपवायच्या आत ते ठरलं.

ठरलं खरं, पण माप कुठून आणायचं?

खुर्चीवाल्यांची माप घ्यायची एक रीत होती. फीत ते शेवटी हातात घ्यायचे. आधी गिऱ्हाइकाला बसवायचे आणि गप्पा मारायचे, पाऊसपाण्याच्या, पोराबाळांच्या. कारण माणूस बसला की पहिल्यांदा सावरून बसतो, फोटोला बसल्यासारखा. ते बसणं खोटं. मग गप्पांत रमला की एक खांदा ढिला पडतो, पाय पुढे सरकतात, कंबर आपली जागा शोधते. त्या क्षणाची खुर्चीवाले वाट बघायचे. तो आला की म्हणायचे, "हां, आता हलू नका," आणि फीत काढायचे.

आता काकू बसल्यावर त्यांचा कुठला खांदा ढिला पडतो, हे आठवायला ते रात्रीच्या जेवणानंतर डोळे मिटून बसले. काकू आठवल्या भरपूर. ओट्याशी पाठमोऱ्या. लेकीला कडेवर घेऊन. दोरीवर कपडे टाकताना टाचा उचललेल्या. वाढताना वाकलेल्या. बसलेल्या काकू काही केल्या आठवेनात. समोरच्या भिंतीवर लग्नातला फोटो होता. त्यात ते स्वतः खुर्चीत बसले होते, नव्या नवरदेवाच्या ऐटीत, आणि काकू शेजारी उभ्या, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. फोटोवाल्यानेच तसं उभं केलं होतं. तेव्हापासून आजवर तिला कुणी "झालं, आता बसा" म्हणालेलं नाही, असं खुर्चीवाल्यांच्या मनात आलं आणि त्यांना जागच्या जागी अवघडल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कारखान्यातून लवकर घरी आले. दाराशी नेहमीप्रमाणे खोकले आणि आत शिरले. काकू ओट्याशी उभ्या.

"आज लवकर?"

"असंच," म्हणून ते स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभे राहिले.

काकूंनी ओटा पुसला. खुर्चीवाले उभे. काकूंनी डबे लावले. खुर्चीवाले उभे. काकू बाहेरच्या खोलीत गेल्या, खुर्चीवाले मागोमाग. काकू कपडे काढायला मागच्या अंगणात गेल्या, तर हे खिडकीत.

"अहो," काकू शेवटी म्हणाल्या, "छातीत वगैरे दुखत नाही ना तुमच्या?"

"नाही."

"मग माझ्या मागे मागे काय फिरताय? काही हरवलंय का?"

"तू बस ना जरा."

"का? काय झालं?" काकूंचा चेहराच उतरला. बसा म्हणून कुणी त्यांना आजवर फक्त वाईट बातमी सांगायच्या आधीच म्हटलं होतं. "थोरल्या भाऊजींना काही झालं का?"

"कुणाला काही झालेलं नाही. आपलं उगीच."

"उगीच बसायला काय झालंय मला," असं म्हणून काकूंनी दोरीवरचे उरलेले कपडे खांद्यावर घेतले.

मग खुर्चीवाल्यांनी दुसरी युक्ती काढली. संध्याकाळचा चहा आपण करायचा, म्हणजे ती बसेल. त्यांनी पातेलं शोधलं, तेवढ्यात काकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पातेलं चुकीचं होतं. मग गॅस मोठा होता. मग चहाची पूड बघून काकूंनी "अगं बाई" एवढंच म्हटलं. चहा झाला, पण तो करायला एकाच्या जागी दोन माणसं उभी राहिली, इतकाच काय तो फरक. आपल्या खुर्चीत जाऊन खुर्चीवाले बसले, तशा काकू कप घेऊन दाराच्या चौकटीला टेकल्या. खुर्चीवाले उठून उभे राहिले. काकूंना वाटलं, यांना काहीतरी हवंय, म्हणून त्याही सरळ झाल्या. अरुंद गल्लीत समोरासमोर आलेल्या दोन सायकलींसारखी ती दोघं एकमेकांसाठी थांबून राहिली. चहा तेवढा गार झाला.

शेवटी त्यांनी काकूंना डबा पोचवायच्या निमित्ताने कारखान्यात बोलावलं. कारखान्यात बसण्याशिवाय दुसरं करायचं काय असतं? काकू आल्या. दारातच थांबल्या.

"हे कोण झाडतं?"

लेक हसायला लागली. "कुणी नाही, आई. ये, बैस."

"बसू कुठे, अन्‌ कशी? नाकातोंडात जातंय हे सगळं." झाडू कुठे ठेवलेला असतो हे काकूंना विचारावं लागलं नाही, तो त्यांना आपोआप सापडला. भुश्श्याचा ढीग दाराबाहेर लावून, कोपऱ्यातली कोळिष्टकं काढून त्या घरी निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "आता कसं बरं वाटतंय बघा." लेकीने जमिनीवर खडूने काढलेल्या मापाच्या खुणा तेवढ्या झाडूबरोबर गेल्या होत्या.

"बाबा," लेक म्हणाली, "काय चाललंय तुमचं?"

खुर्चीवाल्यांनी सांगितलं. सांगताना उगाचच एक खिळा चाळवत राहिले. लेकीने रंधा बाजूला ठेवला.

"आई बसते की. मी कितीदा बघितलंय."

"कधी?"

"रोज. दुपारी. आतल्या खोलीत, धान्याच्या पिंपावर, त्या बारक्या खिडकीपाशी. भाजी निवडते, नाहीतर नुसतीच बघत बसते बाहेर."

"मग मला कशी नाही दिसली कधी?"

लेकीने समोरची फळी डोळ्यांपाशी धरली. बापाला लागेल असं बोलायचं असलं की ती लाकडाची रेघ बघितल्यासारखं करायची. "तुम्ही खोकता ना, बाबा. दाराशी येऊन. खोकलात की ती उठते."

खुर्चीवाल्यांनी खिळा खाली ठेवला.

त्या संध्याकाळी काकू शेजारी गेल्या होत्या तेव्हा ते आतल्या खोलीत गेले. धान्याचं पत्र्याचं पिंप खिडकीपाशी होतं, अगदी लग्नापासूनचं. हे पिंप ते रोज बघत आले होते, म्हणजे कधीच बघितलेलं नव्हतं. वर जुनी चौपदरी सतरंजी. ती उचलली आणि खुर्चीवाले तिथेच उकिडवे बसले.

पत्र्याचं झाकण दबलं होतं. मधोमध नाही, जरा डावीकडे, खिडकीच्या बाजूला. मागच्या कडेपेक्षा पुढच्या कडेला जास्त. म्हणजे ती टेकत नाही, पुढे बसते, उठायच्या तयारीत. उजवीकडे पत्रा जवळजवळ कोरा होता, कारण वजन सगळं डाव्या अंगावर, चेहरा उजेडाकडे. भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, रंगाचा एक गोल पुसट झालेला. नवा रंग अजून या खोलीपर्यंत पोचला नव्हता, म्हणून तो गोल वाचला होता. तिथे तिचं डोकं टेकत असणार, कधीतरी, अगदी दमली म्हणजे.

एवढं नेमकं माप खुर्चीवाल्यांना कुठल्याही गिऱ्हाइकाने दिलं नव्हतं. त्यांनी फीत काढली.

खुर्ची करायला त्यांना नेहमीपेक्षा खूप वेळ लागला. बैठक पिंपाच्या उंचीची, डावीकडे किंचित उतरती. डावा हात रुंद, कोपर ठेवून बाहेर बघता यावं म्हणून. पाठ मात्र त्यांनी जरा पुढे आणली, म्हणजे पुढे बसणाऱ्या माणसालाही ती न मागता मिळावी. वेत विणायला लेकीने हात लावायचा म्हटलं, तर ते म्हणाले, "पुढची कर तू. ही माझी." शेवटी पायांची टोकं कापायची राहिली. तीन पाय नीट झाले. चौथ्याला करवत लावली आणि हाताने दगा दिला. केसभरच. पण खुर्चीला केसभर पुरतं. खाली ठेवून बोटाने ढकलली तशी ती म्हणाली, टक.

आयुष्यात त्यांच्या कारखान्यातून डुगडुगणारी खुर्ची बाहेर पडली नव्हती. लेक म्हणाली, "मी उरलेले तीन उतरवून देऊ?"

"नको. पाय मी घरी बसवीन. खुर्चीवाली बसली की."

तीही त्यांची रीतच होती. शेवटचा हात नेहमी गिऱ्हाइकाच्या घरी, माणूस खुर्चीत आणि खुर्चीवाले जमिनीवर. रिकाम्या खुर्चीचे पाय खरं सांगत नाहीत, वजन पडलं की वेत ताणतो, सांधे आवळतात, मग कळतं कुठे काय उणं आहे ते. पण या वेळी ते हे जरा घाईने म्हणाले, आणि लेकीला त्यातली लाज ऐकू आली. तिने खुर्ची पुसून दिली.

खुर्ची घरी आली. काकूंनी तिच्याकडे बघितलं, तिच्या हातावरून हात फिरवला, वेताची वीण बोटांनी मोजल्यासारखी चाचपली. "किती सुंदर झालीय," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळेही तसं म्हणाले. "माझी?"

"तुझी."

"इकडे ठेवूया. आल्यागेल्याला दिसेल."

खुर्ची बैठकीच्या खोलीत, खुर्चीवाल्यांच्या खुर्चीशेजारी ठेवली गेली. पहिल्या दिवशी काकूंनी ती दोनदा पुसली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर घडी केलेले कपडे आले. तिसऱ्या दिवशी शेजारीण येऊन तिच्यात बसून गेली आणि म्हणाली, "डावीकडे घसरायला होतं बाई हिच्यात." काकू मात्र तिच्याजवळ उभ्या राहायच्या, अगदी फोटोतल्यासारखा पाठीवर हात ठेवून. खुर्चीवाले कारखान्यातून येताना रोज आशेने डोकावायचे आणि रोज त्यांना खुर्चीत टॉवेल बसलेले दिसायचे.

"बाबा, तुम्ही तिला सांगा ना बस म्हणून," लेक म्हणाली.

"सांगितलं. 'बसेन की, कुठे पळून चाललीय खुर्ची,' म्हणाली."

हत्यारांची पेटी खुर्चीवाल्यांनी अजून तिच्याकडे दिली नव्हती, ती घरी आतच ठेवलेली होती. शेवटची खुर्ची पुरी झाल्यावर द्यायची, असं ठरलं होतं, आणि जिच्यासाठी केली ती तिच्यात बसत नाही तोवर खुर्ची पुरी झाली असं मानायला त्यांचं मन तयार नव्हतं.

एक गोष्ट मात्र काकूंना सुखाने जगू देत नव्हती. पुसायला घेतलं की खुर्ची बोलायची. टक. उलट्या बाजूने पुसलं तरी टक. वाकडी लटकलेली तसबीर, अर्धवट लागलेलं झाकण, गळका नळ, असलं काही काकूंना सहन होत नसे. चौथ्यापाचव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी फडकं आपटलं.

"अहो, ही तुमची खुर्ची डुगडुगते."

"माहीत आहे," खुर्चीवाले पेपरातून म्हणाले.

"मग नीट करा ना. लोक काय म्हणतील? खुर्चीवाल्यांच्या घरात डुगडुगती खुर्ची."

खुर्चीवाल्यांनी पेपर खाली घेतला. डोक्यात उजेड पडला, पण चेहऱ्यावर त्यांनी तो येऊ दिला नाही. "करतो. पण कुणीतरी बसल्याशिवाय पाय लागत नाहीत. वजन पडावं लागतं."

"लेक आली की बसवा तिला."

"तिच्या वजनाने माप चुकेल. खुर्ची तुझ्या मापाची आहे."

"आता? ओट्यावर सगळं तसंच पडलंय."

"मग राहू दे. डुगडुगू दे."

काकूंनी ओट्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं. टॉवेल उचलून बाजूला ठेवले. "लवकर आटपा मात्र," म्हणाल्या, आणि बसल्या.

काम होतं ना ते. कामासाठी काकू कुठेही बसल्या असत्या, छपरावरसुद्धा.

खुर्चीवाले कानस आणि पॉलिश पेपर घेऊन तिच्या पायाशी जमिनीवर बसले. पहिल्यांदा काकू सगळे बसतात तशाच बसल्या, सावरून, गुडघे जुळवून, टोकाशी. खोटं बसणं. खुर्चीवाल्यांना ते ओळखीचं होतं. त्यांनी घाई केली नाही.

"मागे टेक जरा. मागच्या पायांवर वजन येत नाहीये."

काकू टेकल्या. पाठ त्यांना वाटलं होतं त्याच्या आधीच लागली, त्या जराशा चकित झाल्या. खुर्चीवाले एक पाय घासायला लागले. खरं तर हळूहळूच घासणं भाग होतं, हात कापत होता. समोर, अगदी हाताच्या अंतरावर, काकूंची पावलं जमिनीला पुरती टेकली होती. लोंबत नव्हती, मुडपलेली नव्हती. पिंपाने माप बरोबर दिलं होतं. डाव्या पावलावर एक पांढरट डाग त्यांना दिसला.

"हे काय?"

"कुठे? ते होय. उकळतं दूध सांडलं होतं. लेक पोटात होती तेव्हा."

"मला नाही सांगितलंस."

"तुम्ही तेव्हा थोरल्या भाऊजींची खुर्ची करत होता. त्यांची मान ताठ, म्हणून डोकं धरून बसला होतात."

खुर्चीवाल्यांनी कानस पुन्हा चालवली. वर काकूंचा डावा खांदा हळूहळू ढिला पडत होता. कोपर रुंद हातावर स्थिरावलं. बसल्यावर माणसाला बोलावंसं वाटतं, हे खुर्चीवाल्यांना धंद्यामुळे माहीत होतं. आपल्या बायकोच्या बाबतीत ते पहिल्यांदाच कळत होतं.

"आपल्याकडे पुरुष दाराशी का खोकतात, माहीत आहे तुला?" त्यांनी खालूनच विचारलं.

"आम्ही उठावं म्हणून. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. खोकला आला की उठायचं, म्हणजे ते आत येईपर्यंत आपण कामात असतो. बसलेली बाई बघितली की घराला वाटतं, हिला काम नाही."

खुर्चीवाल्यांचा हात थांबला. "मला वडिलांनी सांगितलं होतं, खोकून आत जायचं, म्हणजे बायकामाणसं दचकत नाहीत. बसली असतील तर त्यांना निवांत बसू द्यायचं, म्हणून."

काकूंचं पोट हलायला लागलं, आणि खुर्चीवाल्यांनी मान वर करून पाहिलं तर त्या हसत होत्या, आवाज न करता, डोळ्यांच्या कडा ओल्या होईपर्यंत.

"म्हणजे सासरे तुम्हाला असं सांगून गेले, आणि सासूबाई मला तसं," त्या म्हणाल्या. "एकाच घरात राहात होते दोघं."

"त्यांनी एकमेकांना कधी विचारलं नसेल."

"आपण तरी कधी विचारलं?"

"उद्यापासून नाही खोकत मी."

"नका बाई असं करू. न खोकता आलात तर खरंच दचकेन. खोका तुम्ही. उठायचं की नाही, ते मी बघेन."

खुर्चीवाल्यांनी पाय पुन्हा घासायला घेतला. तो कधीचाच बरोबर झाला होता. हे त्यांना कळलं होतं आणि काकूंनाही कळलं असणार, कारण खालचं टक केव्हाच थांबलं होतं आणि असल्या गोष्टी त्यांच्या कानातून सुटत नाहीत. पण त्या उठल्या नाहीत. "तो मागचा बघा," एवढंच म्हणाल्या. "मला तिकडे जरासं वाटतंय."

त्यानंतर रोज संध्याकाळी खुर्चीला काही ना काही होत राहिलं. कधी पुढचा पाय, कधी मागचा. खुर्चीवाले कानस घेऊन जमिनीवर आणि काकू खुर्चीत, अशी ती दोघं लहानपणीच्या कुणाकुणाच्या, माहेरच्या विहिरीच्या, लेकीच्या हट्टाच्या, तिला द्यायच्या हत्यारांच्या गोष्टी करत. लेक एकदा मध्येच येऊन बघून गेली. तिने कपाळाला हात लावला, पण दुसऱ्या दिवशी कारखान्यात दिवसभर गुणगुणत होती.

आणि मग एके दिवशी दाराशी खोकला ऐकू आला. खुर्चीवाल्यांचा नव्हे, ते तर जमिनीवर होते. हा खोकला भारदस्त, गल्लीच्या तोंडापासून सुरू झालेला. थोरले भाऊ. त्यांच्यासमोर काकू आजवर कधी बसल्या नव्हत्या. बसणं सोडा, त्यांच्याशी बोलतानाही काकूंची नजर जमिनीवरच असायची.

खुर्चीवाल्यांना खालून दिसलं, काकूंच्या टाचा उचलल्या गेल्या. दोन्ही तळहात खुर्चीच्या हातांवर दाबले गेले. वेत करकरला. एवढ्या वर्षांची सवय गुडघ्यातून वर चढत होती. "हलू नकोस, माप चुकेल" हे वाक्य त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते त्यांनी गिळलं. ती म्हणाली होती, ते मी बघेन. त्यांनी कानस धरून ठेवली आणि पायाकडे बघत राहिले.

थोरले भाऊ आत आले. त्यांनी धाकट्या भावाला जमिनीवर बघितलं, भावजयीला खुर्चीत बघितलं, आणि त्यांची ती ताठ मान जेवढी वळू शकत होती तेवढी एकीकडून दुसरीकडे वळली. मग ते जाऊन आपल्या उंच पाठीच्या खुर्चीत बसले आणि काळजीने भावालाच विचारलं, "हिला बरं नाही का?"

खुर्चीवाल्यांनी कानस चालवली. उत्तर त्यांनी द्यायचं नव्हतं.

काकूंच्या टाचा हळूच खाली टेकल्या. डावा खांदा आपल्या जागी गेला.

"बरी आहे, भाऊजी," त्या म्हणाल्या. "बसलेय जरा."

थोरले भाऊ "हं" म्हणाले. त्या "हं"मध्ये राग होता की नुसतंच आश्चर्य, हे खुर्चीवाल्यांना कळलं नाही, आणि बहुधा थोरल्या भावांनाही कळलं नसावं.

"अहो, भाऊजींना पाणी द्या ना," काकू म्हणाल्या. "चालून आलेत."

खुर्चीवाले गुडघ्यावर हात रोवून उठले आणि स्वयंपाकघरात गेले. तिथे उभं राहून त्यांनी कान बाहेर लावला. वेताचा आवाज ते दुसऱ्या खोलीतूनही ओळखायचे. माणूस उठला की वीण मोकळी होते, सुस्कारा टाकल्यासारखी. तो सुस्कारा आला नाही. थोरले भाऊ काहीतरी विचारत होते, बहुतेक खुर्चीबद्दल, आणि काकू सांगत होत्या की डावा हात रुंद आहे, त्याच्यावर कोपर असं ठेवता येतं.

खुर्चीवाल्यांनी एक कपाट उघडलं. मग दुसरं. गल्लीतल्या प्रत्येक माणसाचं कोपर कुठे टेकतं हे त्यांना तोंडपाठ होतं, पण आपल्याच घरात पेले कुठे असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"अगं," त्यांनी आतून हाक मारली, "पेले कुठे असतात?"

"ओट्याच्या वरची फळी, उजव्या हाताला," काकूंचा आवाज आला, खुर्चीच्या उंचीवरून. "आणि येताना हत्यारांची पेटी बाहेर ठेवा. लेक न्यायला येईल तिची."